वर्गातलं बोलणं लिहिणारा फोन

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं ऐकणं कमी होत गेलं. एकदम नाही. आधी दुसऱ्या खोलीतली कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग दाराची बेल, मग मोठ्या मुलीचं बोलणं, ती पाठमोरी असली की. डॉक्टरांनी कानाची नस कमजोर होत चालली आहे असं सांगितलं आणि मशीन लावायला दिलं. मशीनने आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही. ज्याने ते कधी लावलेलं नाही त्याला हे समजावणं अवघड आहे. माणसाचा आवाज मोठा होतो तसा पंख्याचाही होतो, खुर्च्या सरकवल्याचाही होतो, आणि त्या गोंगाटात समोरच्याचं वाक्य कुठेतरी हरवतं.

तोवर मी विठ्ठलवाडीला घराजवळच्या एका क्लासमध्ये आठवी-नववीला इतिहास शिकवत होते. मुलं प्रश्न विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायचे. मुलं चांगली होती, हसायची नाहीत, पण हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. मग मीही क्लास सोडला. नवऱ्याला सांगितलं की घरात दोन लहान मुली आहेत, जमत नाही. त्याने ते मान्य केलं. खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढे काही वर्षांनी मोठ्या मुलीने माझ्या फोनमध्ये एक ॲप घातलं. "आई, हे बघ. मी बोलते ते इथे लिहून येतं." मी बघितलं. ती बोलत होती आणि अक्षरं पडद्यावर उमटत होती, थोडी मागेपुढे, थोडी चुकत, पण मराठीत. त्या दिवशी तिने शाळेतल्या स्नेहसंमेलनात काय गोंधळ झाला ते सगळं सांगितलं आणि मी एकदाही मध्ये "काय?" असं विचारलं नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही माहीत नाही. माझ्या आलं.

त्यानंतर महिन्याभरात मी बी.एड.चा विषय काढला. नवरा जेवत होता. तो म्हणाला, "वर्गात पन्नास जण असतात. घरात ठीक आहे."

"फोन सरांच्या टेबलावर ठेवीन."

"ते ठेवू देतील?"

"विचारून बघते. नाही म्हणाले तर नाही."

सीईटी दिली आणि कल्याणच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. वर्गात बहुतेक सगळे बावीस-पंचविशीचे. मी छत्तीसची. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांची ताई झाले. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची, शीळफाट्याच्या पुढच्या एका गावातली, आगरी घरातली. तिच्या आजोबांची शेती होती, आता त्या जागेवर टॉवर उभे आहेत. घरात पैसा होता, पण बी.एड. करणारी ती पहिलीच. तिला खूप बोलायला आवडायचं आणि मला तिचं बोलणं ओठांवरून चांगलं कळायचं, कारण ती तोंड उघडून, चेहरा पूर्ण माझ्याकडे करून बोलायची. असं बोलणारी माणसं कमी असतात.

शैक्षणिक मानसशास्त्र शिकवणारे सर निवृत्तीच्या जवळ आलेले होते. स्वच्छ, सावकाश मराठी बोलायचे. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे फोन धरला आणि माझी अडचण सांगितली. त्यांनी चष्मा वर करून पडद्यावर स्वतःचं वाक्य उमटताना पाहिलं.

"मी बोललो ते हेच आहे," ते म्हणाले. "ठेवा टेबलावर. कुठे तोंड करून बोलू?"

"कुठेही सर. फक्त फळ्यावर लिहिताना थोडं थांबा."

फोन टेबलावर राहायचा आणि अक्षरं माझ्या मांडीवरच्या टॅबवर यायची. घरी मुलगी अभ्यासाला वापरायची तो टॅब. सरांचं बोलणं यंत्राला जवळजवळ पूर्ण समजायचं. बाकीच्या मॅडम मराठी, हिंदी, इंग्रजी एका वाक्यात घालायच्या, तेव्हा अधूनमधून काहीच्या काही यायचं, पण अर्थ लागायचा. पाच-सहा वर्षांनी मी वर्गात बसून शेवटपर्यंत ऐकत होते, ऐकत म्हणजे वाचत. त्या काळात मी घरी आल्यावरही फार थकायचे नाही. नाहीतर ओठ वाचून वाचून संध्याकाळी डोकं जड व्हायचं.

आमचा वर्गप्रतिनिधी डोंबिवलीचा मुलगा, फोनमधल्या गोष्टींत हुशार. त्याने दिवाळीच्या सुट्टीनंतर एक कल्पना काढली. "ताई, तुमचा फोन सगळं लिहितोयच ना. तेच दुसऱ्या एका एआय ॲपला जोडलं तर ते लेक्चरचे मुद्दे काढून देईल. आपोआप ग्रुपवर पडतील. सगळ्यांनाच फायदा."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. इतके दिवस मी सगळ्यांकडून वह्या मागत होते, आता माझ्या फोनमुळे सगळ्यांना मुद्दे मिळणार होते. त्याने तासाभरात ते जोडून दिलं. लेक्चर संपलं की दहा-बारा नेटके मुद्दे ग्रुपवर यायचे, मथळ्यासकट. महिन्याभरात वर्गात कोणी लिहिनासं झालं.

अंतर्गत परीक्षेत सरांना एक गोष्ट खटकली. बुद्धिमत्तेविषयीच्या प्रश्नाला अर्ध्या वर्गाने एकच चुकीचं वाक्य लिहिलं होतं, शब्दशः सारखं. सर वर्गात म्हणाले होते, "बुद्धिमत्ता जन्मतः ठरलेली असते असं समजू नका." यंत्राच्या मुद्द्यांत त्यातलं शेवटचं 'समजू नका' गळून गेलं होतं. सरांनी गुण कापले आणि एवढंच म्हणाले, "मी काय बोललो ते तुमच्यातल्या कोणाला आठवत नाही का?" पण मुद्दे यायचे थांबले नाहीत. सोयीची वस्तू एकदा हाताला लागली की सुटत नाही.

ज्यामुळे सगळं बिघडलं ती घटना त्यानंतर पंधरवड्याने झाली. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी होती. मी पाणी प्यायला खाली गेलेले. फोन टेबलावर चालूच राहिला, जसा रोज राहायचा. पहिल्या बाकावर शहाडची एक मुलगी बसायची. लग्नाला तीन वर्षं झालेली, अबोल, अक्षर सुरेख. त्या सुट्टीत ती तिच्या मैत्रिणीशी हळू आवाजात बोलत होती. टेबल तिच्यापासून हातभर अंतरावर.

दुसरा तास संपला आणि ग्रुपवर मुद्दे पडले. 'इंटर्नशिप: नियोजन' असा मथळा होता. शाळावाटप, पाठांची संख्या, टाचण तपासून घेणे, आणि त्याखाली तिच्या नावासकट एक मुद्दा: तिला तिसरा महिना सुरू आहे, आधी एकदा गर्भपात झाल्यामुळे सासूबाई कॉलेज बंद करतील, म्हणून इंटर्नशिप संपेपर्यंत घरी न सांगण्याचे नियोजन आहे. मैत्रिणीने बोलताना तिला नावाने हाक मारली होती, म्हणून नावही आलं. यंत्राला तो अभ्यासाचाच भाग वाटला असणार.

मी वाचलं तेव्हा ती वर्गातच होती. तिने तिचा फोन उघडलेला मला दिसला. तिने बॅग भरली आणि निघून गेली. वर्गप्रतिनिधीने लगेच तो मेसेज काढून टाकला, पण तोवर सगळ्यांनी पाहिला होता. आमच्या वर्गातल्या एकीची मावशी शहाडच्या त्या मुलीच्याच सोसायटीत राहायची. संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली.

त्या रात्री मी तिला मेसेज करायला घेतला आणि काय लिहावं ते सुचेना. फक्त "माझ्या फोनमुळे झालं, फार वाईट वाटतंय" एवढं पाठवलं. तिने पाहिलं. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्या बाईंनी नोटीस काढली. वर्गात कुठलाही फोन, टॅब, रेकॉर्डिंग नाही, सगळं बॅगेत. बाईंच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी त्यांच्याकडे जाऊन माझ्यापुरती परवानगी मागू शकले असते. गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते? त्या दिवसांत मी वर्गात बसून फळ्याकडे बघत राहायचे. बाकावरची मैत्रीण सरांचं प्रत्येक तिसरं-चौथं वाक्य माझ्याकडे वळून ओठांनी पुन्हा सांगायची, आणि त्यामुळे तिचं स्वतःचं ऐकायचं राहायचं. दोनदा मी तिला म्हटलं, "नको गं, तू तुझं बघ." ती म्हणाली, "बघतंय ना मी. तुमी गप बसा."

शहाडची मुलगी साधारण आठवड्याने परत आली. घरी काय झालं ते तिने आम्हाला कधीच सांगितलं नाही. नवरा तिला रिक्षाने सोडायला आला होता एवढं दिसलं. पहिला तास सरांचा होता. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आज शिकवत नाही. जे झालं त्याबद्दल बोलू. ज्यांना नको त्यांनी बाहेर गेलं तरी चालेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पुढे या. सगळे चेहरे दिसतील अशा बसा."

मी वर्गाकडे तोंड करून खुर्चीत बसले. ते मला अजिबात आवडलं नाही, पण दिसत मात्र सगळं होतं. वर्गप्रतिनिधी आधी बोलला. म्हणाला, चूक माझी, ते ॲप मी जोडलं, सुट्टीत ते थांबत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "आपण जे बोललो ते सगळं आता आहे कुठे?"

"त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"आणि ते काढता येतं?"

"माहीत नाही. बघून सांगतो."

मग शहाडची मुलगी उभी राहिली. ती इतकी हळू बोलायची की तिचे ओठही नीट हलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र ती माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"ताईंचा फोन बंद करा असं मी म्हणत नाही. ताईंना ऐकू आलं पाहिजे. पण मी कोणाशी बोलतेय ते मला माहीत पाहिजे. मी एका मैत्रिणीशी बोलत होते. पन्नास जणांशी नाही."

सरांनी विचारलं, "म्हणजे काय केलं पाहिजे? तुम्हीच सांगा."

"माईक बोलणाऱ्याच्या हातात पाहिजे. ज्याला बोलायचंय त्याने घ्यायचा. नको असेल तर बंद करायचा, कोणाला कारण सांगायचं नाही. आणि तास संपला की ते लिहिलेलं सगळं पुसायचं. मुद्दे नकोत."

मुद्दे नकोत म्हटल्यावर दोघातिघांनी कुरकुर केली. सर म्हणाले, "मुद्दे तसेही चुकत होते." त्यावर थोडा हशा झाला आणि प्रश्न मिटला. वर्गप्रतिनिधीने ते दुसरं ॲप काढलं, कंपनीला ईमेल करून आमचं सगळं पुसायला सांगितलं, आणि उत्तर आलं ते ग्रुपवर टाकलं. सरांनी प्राचार्यांशी बोलून नोटिशीत बदल करून घेतला. मी कॉलरला लावायचा छोटा वायरलेस माईक आणला. वर्गातला प्रोजेक्टर टॅबला जोडला, म्हणजे यंत्र काय लिहितंय ते फक्त मला नाही, सगळ्यांना भिंतीवर दिसेल. लपून काही राहायला नको, असा सरांचा आग्रह होता.

त्या भिंतीवरच्या अक्षरांनी एक नवीन अडचण केली, जी आमच्यापैकी कोणाच्या मनात आली नव्हती.

खेड्यातल्या शाळांविषयी चर्चा होती. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने माईक घेतला आणि तिच्या गावातल्या शाळेबद्दल सांगायला लागली. ती म्हणाली, "पोरं शालंन येतान तवा." म्हणजे पोरं शाळेत येतात तेव्हा. भिंतीवर आलं, 'पोरं शालू नेतात तेव्हा'. ती पुढे बोलत राहिली आणि भिंतीवर शालू, पैठणी, कुठलं तरी लग्न असं काहीतरी तयार होत गेलं. वर्ग हसला. वाईट मनाने हसला असं मी म्हणणार नाही, मलाही क्षणभर गंमत वाटली. तिने वळून भिंतीकडे पाहिलं, माईक बाकावर ठेवला आणि खाली बसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती वर्गात बोलली नाही. माझ्याशीही वर्गाबाहेर बोलायची तेव्हा पुस्तकी बोलायला लागली. "मला वाटते", "आम्ही जातो" असं. तिच्या तोंडी ते परकं वाटायचं आणि मला कळायलाही जड जायचं, कारण ती आता शब्द शोधत, तोंड आखडून बोलायची.

कॅन्टीनमध्ये मी तिला विचारलं, "तू अशी का बोलतेस आजकाल?"

"नीट बोलायची सवय करतेय. उद्या शाळेत शिकवायचंय ना."

"मला तुझं आधीचं कळायचं. सगळ्यांत जास्त तुझंच."

"तुम्हाला कळायचं ताई. त्याला नाही कळत." त्याला म्हणजे यंत्राला.

"मग ते त्याचं बघेल."

तिने चहा संपवला. मी सरांशी बोलले. सरांनी वर्गात सांगितलं की यंत्राला ज्यांचं बोलणं जास्त ऐकवलं गेलं त्यांचं त्याला कळतं, आगरी त्याला फारसं कोणी ऐकवलेलं नाही, यात बोलणाऱ्याची चूक नाही. खरं होतं, पण तिच्यासाठी काही बदललं नाही. सरांचं बोलणं संपेपर्यंत ती वहीत रेघा मारत होती.

बदल झाला तो तिच्याच मनाने. भाषाशिक्षणाचा तास होता, घरची भाषा आणि शाळेची भाषा असा विषय. मॅडमनी विचारलं, कोणाला अनुभव सांगायचाय? ती उठली, माईकपाशी गेली, तो बंद केला आणि पुढे येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मना ताईंना सांगाचं हाय," ती म्हणाली, "बाकीच्यांनी आयका." मग तिने पहिलीत असताना पाणी मागितल्याची गोष्ट सांगितली. तिने 'पानी' म्हटलं, बाईंनी 'पाणी म्हण' असं सांगून उभं केलं, आणि ती तास संपेपर्यंत तहानलेली उभी राहिली. सगळं तिच्या घरच्या बोलीत सांगितलं. भिंत कोरी होती. मला एकूण एक शब्द कळला. वर्गातल्या काही जणांना मात्र दोन-तीन ठिकाणी कळलं नाही, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

माईक बंद करायचा नियम शहाडच्या मुलीने मागितला होता तो वेगळ्या कारणासाठी. पण त्यानंतर आणखी काही जण तो तसा वापरायला लागले. एक जळगावकडचा मुलगा, एक उत्तर भारतीय घरातली मुलगी जिचं मराठी नवं होतं. माईक बंद करायचे, पुढे यायचे, माझ्याकडे बघून बोलायचे. मला थोडे कष्ट पडायचे. पण त्या निमित्ताने मला ती माणसं जवळून दिसली. टॅबकडे बघत असताना मी कोणाचा चेहरा बघतच नव्हते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

शहाडच्या मुलीशी माझं बरेच महिने कामापुरतं बोलणं होतं. ती रागावलेली होती आणि तो तिचा हक्क होता. दुसऱ्या वर्षी ती बाळंत झाली, मुलगा झाला, आणि काही आठवडे तिला येता आलं नाही. एक दिवस तिचा मेसेज आला: "ताई, मूल्यमापनाचे तास बुडलेत. लिहिलेलं काही आहे का तुमच्याकडे?"

मी लिहिलं, "तास संपला की पुसतो ना सगळं."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "हो. मीच सांगितलं होतं." पुढे हसरा चेहरा होता.

पुढच्या दोन रविवारी मी शहाडला तिच्या घरी गेले. सासूबाईंनी दार उघडलं. मला वाटलं होतं त्या काही बोलतील. त्यांनी पाणी आणून दिलं आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेल्या, आम्हाला अभ्यास करता यावा म्हणून. मला जे आठवत होतं ते मी तिला शिकवलं. एका ठिकाणी मी अडले, तेव्हा तिने पुस्तकातून शोधून काढलं. निघताना ती म्हणाली, "तुम्ही चांगलं शिकवता." बाकी त्या प्रकरणाबद्दल आम्ही तेव्हाही बोललो नाही, नंतरही नाही.

आम्ही सगळे पास झालो. बाकावरची मैत्रीण तिच्या गावाजवळच्या शाळेत लागली. मला डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत नोकरी मिळाली. मुलाखतीतच मी टॅब आणि माईक टेबलावर ठेवून सांगितलं की मी असं शिकवते, नको असेल तर आताच सांगा. त्यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं आणि ते तीन महिने संपल्याचं पुढे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. सातवीच्या मुलांना माईक एकमेकांकडे द्यायला फार आवडतं. पहिले काही दिवस ती मुद्दाम वाकडंतिकडं बोलून यंत्राला फसवायची, मग कंटाळली.

गेल्या वर्षी पालकसभेनंतर एक आई थांबली. नोकरीवरून थेट आलेली, खांद्याला डब्याची पिशवी तशीच. तिची मुलगी वर्गात अडखळत बोलायची, पहिल्या अक्षरावर अडकायची.

"मॅडम, मला तुमच्या मशीनबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. मी टॅब तिच्यासमोर ठेवला. "ती अडकली की हे स्वतःच पुढचा शब्द लिहून टाकतं. तिने सांगितलं मला. कधी कधी बरोबर असतो. पण आम्ही घरी तिचं वाक्य कोणी पूर्ण करत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, थांबायचं."

"तिने मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला ऐकायला लागतं ना ते. तिला वाटलं तुमची पंचाईत होईल."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि विचारलं की तुझ्या वेळी हे बंद करू का. तिने मान हलवून हो म्हटलं. त्या दिवशी धड्यातला उतारा वाचायची पाळी तिची आली तेव्हा मी माईक बंद केला आणि तिच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. ती अडकली, थांबली, पुन्हा सुरू झाली. मी ओठ बघत होते आणि मध्ये जिथे कळलं नाही तिथे पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवत होते. मुलं शांत होती, एकदोघं खिडकीबाहेर बघत होती. अर्धा उतारा झाला आणि घंटा वाजली, ती मला नेहमीप्रमाणे मुलांच्या हालचालीवरून कळली. उरलेला उतारा तिने दुसऱ्या दिवशी वाचला.